मागच्या खोलीतली ओल

१

“काका, घर आवडलं होतं. तुम्ही लपवलंत, ते नाही आवडलं.”

फोनवर एक नर्स होती. आदल्या दिवशी ती घर बघून गेली होती. गच्चीवर उभं राहून ती वडिलांना फोनवर सांगत होती, “बाबा, इथं ऊन छान येतं.” ते ऐकून मला वाटलं होतं, झालं काम.

“मी काय लपवलं?”

“मागच्या खोलीतली ओल. वर नवा रंग मारलाय तुम्ही. दिसतो तो.”

त्या खोलीत ओल नाही. होती, पण आता नाही. एवढं सांगायला मी तोंड उघडलं, तर तिनं फोन ठेवला होता.

मी उभी हयात वजनकाटे दुरुस्त केले. दुकानांतले, गोदामांतले, औषधं तोलायचे नाजूक. माणूस मला चिडका म्हणाला, हट्टी म्हणाला, तर चालतं. खोटा म्हणालेलं चालत नाही.

घर विकायला काढलं, कारण बायको गेली आणि एकट्याला ते घर झेपेना. मुलगा दुसऱ्या गावी आहे, तो बोलावतोय. दलालाकडे जायचं नाही असं मी ठरवलं होतं. दलाल घर दाखवतो म्हणजे काय, तर कुलूप काढतो, दिवे लावतो आणि “हवेशीर आहे” म्हणतो. आमचा सगळा संसार त्या घरात झाला. तिथं पुढं कोण राहणार हे मला माणूस बघून ठरवायचं होतं. म्हणून फाटकावर मीच पाटी लावली: घर विकणे आहे, मालकाला भेटा.

मुलाला हे पटलं नव्हतं. त्यानं मला रविवारपर्यंत मुदत दिली होती. बस थांब्यावरच्या दलालाकडे एक बांधकामवाला तयार होता. त्याला घर नको होतं, जागा हवी होती. घर पाडून तो तिथं इमारत उठवणार होता. रविवारी दलाल कागद घेऊन येणार होता.

नर्सच्या आधी एक शिक्षक जोडपंही खुशीत बघून गेलं होतं आणि नंतर नको म्हणालं होतं. मनात शंका आली. मी त्यांना फोन लावला. बाई जरा घुटमळली.

“आता तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगते, काका. ओलीचं आम्हालाही कळलं होतं.”

“कुणाकडून?”

“ते राहू द्या ना,” म्हणाली.

म्हणजे कुणीतरी माझ्या घराची बदनामी करत होतं.

२

बायकोची थोरली बहीण तेव्हा आमच्याकडेच होती. बहिणीचे कपडे आवरायला आली होती. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. विमा कंपनीत तिचा जन्म गेला. कुणाचं गोदाम जळलं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की खरं किती आणि बनाव किती हे बघायला ताई जायची. बायको म्हणायची, “आमच्या ताईला आजारी पडल्याचं सांगायचं असेल तर आधी ताप आणून मग सांगावं.”

मी तिला फोनचं सांगितलं. ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. मी दारात थांबलो. तिनं भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला, मग कोपऱ्यात नखानं रंग जरासा खरवडला.

“खडखडीत आहे. नुसता रंग नाही, आतला गिलावाही नवा आहे. कधी केलंत?”

“ती दवाखान्यात होती तेव्हा.”

“बघायला आलेल्यांना सांगितलंत हे?”

“या खोलीत मी फारसं बोलत नाही.”

“मग काय करता?”

“‘ही मागची खोली’ म्हणतो आणि पुढं होतो.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर मी ऐकून होतो, आता अनुभवली.

“भावोजी, मी दावा तपासायला आले असते ना, तर तुम्हाला चोरच ठरवलं असतं. बाहेर कुणीतरी सांगतं, ओल आहे. आत येऊन बघावं तर भिंतीला ताजा रंग. आणि मालक त्या खोलीत तोंड फिरवून उभा. आणखी काय हवं?”

मी कोपऱ्यात पडलेला रंगाचा कपचा उचलला.

“आता मला सांगा, कोण कोण आलं आणि कसं कसं आलं?”

“कसं म्हणजे?”

“पायी, गाडीनं, विमानानं.”

शिक्षक पायी आले होते, थांब्यावर उतरून. नर्सही. त्या दोघांच्या मध्ये एक जाडजूड गृहस्थ येऊन गेले होते, ते स्वतःच्या गाडीतून, मी फोनवर रस्ता सांगत होतो तसे थेट फाटकापर्यंत.

“त्यांना फोन लावा आणि विचारा, ओलीचं काय ऐकलं.”

मी विचारलं.

“ओल?” ते गृहस्थ एकदम खुलले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं? किंमत पाडा ना थोडी.”

ताईनं माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

“गाडीवाल्याला माहीत नाही. पायी येणाऱ्यांना माहीत आहे. म्हणजे जे काही होतंय ते थांबा आणि तुमचं फाटक यांच्या मध्ये होतंय. चला, चपला घाला.”

३

थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता लहानच आहे. थांब्यावर दलालाचं ऑफिस. पुढं रस्त्याला दोन फाटे फुटतात, त्या बेचक्यात शिवणकाम करणाऱ्या बाईचं दुकान. तिला सगळे शिलाईवाली म्हणतात. नवखी माणसं पत्ता तिलाच विचारतात. मग आमची गल्ली, आणि आमच्या अलीकडं पोस्टमास्तरांचं घर. आता ते निवृत्त आहेत, पण गल्लीत कोण आलं, कोण गेलं, याची नोंद अजून त्यांच्याकडेच असते.

दलालानं ताईला खुर्ची दिली, मला स्टूल. त्याचे पांढरे बूट टेबलाखाली हलत होते.

“थेट विकायला गेलं की असंच होतं, काका. लोक घाबरतात. मध्ये माणूस लागतो.”

“ओल आहे असं तुम्ही सांगता का लोकांना?” ताईनं सरळ विचारलं.

तो हसला. “मावशी, मी कशाला सांगू? माझ्या गिऱ्हाइकाला भिंती पाडायच्याच आहेत. त्यात ओल असली काय आणि सोनं असलं काय.”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “हाच तो. रविवारची वाट बघतोय.”

“माणूस वाईट आहे, पण हा तो नाही,” ताई म्हणाली. “हा कधी तुमच्या घरात आला होता?”

“फाटकाच्या आत घेतला नाही मी त्याला.”

“मग त्याला मागची खोली कुठून माहीत? त्यानं बदनामी केली असती तर भूत सांगितलं असतं. ते स्वस्तात होतं.”

पोस्टमास्तर झाडांना पाणी घालत होते. त्यांना आमचं घर त्यांच्या लेकीसाठी हवं होतं, पण लेकीनं नको म्हटलं होतं. त्याचा सल त्यांच्या मनात असेल, असं मला वाटत होतं.

“ओल?” ते म्हणाले. “ती तर काढली ना यांनी. गवंड्यानं शिडी माझ्या बाजूनं लावली होती. माझा वेल पार तुडवला. तेव्हा काही बोललो नाही, घरात आजारपण होतं. आता विचारलंत म्हणून सांगतो.”

“वेल कसला होता?” ताईनं विचारलं.

“होता. आता नाही,” पोस्टमास्तर म्हणाले आणि पाणी घालत राहिले.

राहता राहिला माझा मुलगा. घर लवकर निकालात निघावं आणि बाप आपल्याकडे यावा, हे त्याच्या मनात होतंच. ताईनं त्याला फोन करून आडपडदा न ठेवता विचारलं.

“मावशी, काहीही काय? वाळूची पोती मीच चढवली होती गच्चीवर. पाठ धरली होती माझी. आणि बाबांच्या घराला मी नावं ठेवीन?”

“ठेवणार नाहीस. पण विचारावं लागतं.”

“बाबा कसे आहेत?”

“माझ्याबरोबर गुप्तहेर झालेत,” ताई म्हणाली. “बरे दिसतात.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “ज्यांना खोली माहीत आहे त्यांना दुरुस्तीही माहीत आहे. ज्याला दुरुस्ती माहीत नाही त्याला खोलीच माहीत नाही. भावोजी, आपला माणूस या दोन्हींत बसत नाही. तो नक्की काय सांगतो, ते शब्दाला शब्द कळलं पाहिजे.”

४

नर्स कामावरून सुटायच्या वेळी आम्ही तिच्या दवाखान्याबाहेर जाऊन उभे राहिलो. मला बघून तिचा चेहरा पडला.

“भांडायला नाही आलो,” ताई म्हणाली. “नाव सांग, एवढंच म्हणणं आहे.”

“नाही सांगणार. मी शब्द दिलाय. आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. उलट म्हणाले, घराचा मालक सज्जन आहे, त्याला कळू देऊ नका, वाईट वाटेल.”

बदनामी करणारा मला सज्जन म्हणत होता. मला काही उमगेना.

“बरं, नाव नको,” ताई म्हणाली. “काय सांगितलं ते तरी सांग. मनानं काही घालू नकोस, काही गाळू नकोस.”

नर्सनं आठवून सांगितलं. तिला सवय असावी तशा बोलण्याची. एक, मागच्या खोलीत पलंगाच्या उशाशी ओल येते. दोन, स्वयंपाकघराची खिडकी पुरती मिटत नाही, वारा सुटला की गॅस विझतो. तीन, न्हाणीघरात पाणी तुंबतं, काठीनं मोकळं करावं लागतं.

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि त्या तिन्ही मी एकाच वेळी दुरुस्त करून घेतल्या होत्या.

“आणखी काही?”

“आणखी म्हणजे, ते हसतच सांगितलं होतं. की त्या खोलीत निजणाऱ्याला सकाळी आधी ओल दिसते, मग नवरा.”

ताई हसली. मी हसलो नाही. मी तिथल्या कट्ट्यावर बसलो.

ते वाक्य मला माहीत होतं. रोज सकाळी, कूस बदलून, डोळे चोळत कोण ते म्हणायचं तेही माहीत होतं.

ते माझ्या बायकोचं वाक्य होतं.

५

ताईनं मला पाणी आणून दिलं. नर्सही थांबली होती. तिनं सवयीनं माझी नाडी धरली आणि सोडली.

“ती दुसऱ्या कुणासमोर असं म्हणायची का?” ताईनं विचारलं. “मला कधी म्हणाली नाही. सख्खी बहीण असून.”

“कुणासमोरच नाही. आमच्या दोघांतलं होतं ते.”

“मग तिनं ते शेवटी कुणाला तरी सांगितलं. आणि शेवटी ती कुठं होती?”

दवाखान्यात. ती तिकडं असताना मी मुलाला बोलावून, गवंडी लावून, तिच्या तिन्ही तक्रारी एका दमात मिटवल्या होत्या. तिला कळू दिलं नव्हतं. घरी आली की थेट खोलीत न्यायचं आणि म्हणायचं, बघ. काय म्हणते ते ऐकायचं होतं. मुलालाही ताकीद दिली होती, पोस्टमास्तरांनाही. ती घरी आलीच नाही.

हे मी ताईला सांगितलं. ती गेल्यावर हे कुणाजवळ बोललो नव्हतो.

ताईनं बराच वेळ पर्सचा बंद उघडला, लावला.

“म्हणजे,” ती म्हणाली, “बाहेर जे घर सांगितलं जातंय ते तिच्या डोळ्यांतलं घर आहे. ती बघून गेली तसं. आता सरळ आहे, भावोजी. हा माणूस तिला दवाखान्यात भेटलाय. पण त्यानंतर तुमच्या घरात आलेला नाही, नाहीतर नवी भिंत दिसली असती. ती गेल्यावर भेटायला आलेले सगळे कुठं बसायचे?”

“मागच्या खोलीत. पुढं जागा पुरेना.”

“तिथं रंगाचा वास होता. मलासुद्धा आला होता, तेव्हा सुचलं नाही. तर दवाखान्यात आलं पण घरी आलं नाही, असं कोण?”

मला विचार करावा लागला नाही. कारण ती गोष्ट मनाला लागून राहिली होती. गल्लीतलं झाडून सगळं माणूस येऊन गेलं होतं. एकच आलं नव्हतं. दवाखान्यात दिवसाआड डबा घेऊन येणारी, बायकोच्या पायांना तेल लावणारी. बायको गेल्यावर तिनं आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मी मनात म्हणालो होतो, माणूस गेलं की ओळख संपते लोकांची. “शिलाईवाली,” मी म्हणालो.

“आणि पायी येणारे सगळे पत्ता विचारायला थांबतात तिच्याचकडं,” ताई म्हणाली.

मी नर्सकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तिनं शब्द मोडला नव्हता.

६

शिलाईवालीनं आम्हाला दारात बघितलं आणि मशीन थांबवलं. अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच राहिली.

“बसा,” म्हणाली. “कधीतरी याल हे माहीत होतं.”

“का गं केलंस?” ताईनं विचारलं. दटावून नाही.

ती माझ्याकडे बघून बोलली. “तुमच्या बायकोनं सांगितलं म्हणून. ती म्हणाली, माझ्यामागं हा घर विकील. दलालाला देणार नाही, स्वतःच दाखवील. माणूस काट्याचा आहे, ग्रॅमभर इकडं तिकडं करायचा नाही. पण त्या घराचे दोष त्याला दिसतच नाहीत. म्हणाली, मी ओल दाखवली की त्याला त्यात ढग दिसतो. तो सांगायचा राहील. आणि लोक त्याला शिव्या देतील.”

“कशाच्या शिव्या?”

“तुम्ही घर घेतलंत तेव्हा आधीच्या मालकानं त्या भिंतीला कपाट लावून ठेवलं होतं ना? पहिल्या पावसात ओल आली, आणि तेव्हापासून ती त्या माणसाला रोज सकाळी शिव्या देत होती. मनातल्या मनात. म्हणाली, तशा शिव्या माझ्या नवऱ्याला कुणी देऊ नयेत. मी नसताना तर नाहीच नाही. म्हणून तू आधीच सांगून टाक. ऐकूनही ज्यांना घ्यायचं ते घेतील.”

मला वाटलं होतं, जाब विचारीन. माझ्याच्यानं झालं नाही.

“घरी का आली नाहीस?” मी विचारलं.

“आले होते. फाटकापर्यंत. नंतर पाटी लागली तेव्हाही आले. आत जावं, तर ती स्वयंपाकघरातून ‘आलीस का’ म्हणणार नाही. परत फिरले.” तिनं बाहीवरचा दोरा तोडला. “मी काय चुकीचं केलं?”

“नाही,” ताई म्हणाली. “फक्त घर बदललंय. तुला कुणी सांगितलं नाही.”

दुकान तसंच उघडं टाकून ती आमच्याबरोबर निघाली. फाटकापाशी थबकली, तेव्हा ताईनं तिच्या कोपराला धरलं. मागच्या खोलीत आल्यावर तिनं भिंतीकडं बघितलं. मग दोन्ही हात भिंतीवर टेकवले, कापड सारखं करावं तसे फिरवले.

“तिला कळलंच नाही?” तिनं विचारलं.

“घरी आणल्यावर दाखवणार होतो.”

शिलाईवाली पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. ती थांबेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. त्या खोलीतून मी लगेच बाहेर पडलो नाही, असं बऱ्याच महिन्यांनी झालं.

७

रविवारी सकाळी नर्स आली. ताईनं तिला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. ती वडिलांना घेऊन आली. त्यांचा एक पाय आखडलेला होता, काठी होती.

या वेळी मी त्या खोलीत बोललो. ओल कुठून यायची, गच्चीवरची कुठली भेग त्याला कारण होती, गवंड्यानं गिलावा कुठवर काढला, ते सगळं सांगितलं. कुणासाठी केलं तेही सांगितलं. मग बायकोला माहीत नसलेले दोष सांगितले. वरच्या टाकीतला तरंगता चेंडू अडकतो. जिन्याखालचा दिवा पावसाळ्यात दगा देतो. गच्चीचं दार थंडीत नीट बसत नाही.

“अजून आहे का काही?” नर्सनं विचारलं.

“शेजारी पोस्टमास्तर आहेत,” ताई म्हणाली. “ते दुरुस्त होत नाहीत.”

म्हाताऱ्यानं काठीनं भिंतीवर एक ठोका मारून बघितला. आवाज पसंत पडला असावा.

“पलंग कुठं होता तुमचा?”

मी जागा दाखवली.

“मग माझाही तिथंच ठेवू. ऊन येतं बरोबर.”

तेवढ्यात फाटक वाजलं. मुलगा आला होता आणि त्याच्यामागं पांढरे बूट, बगलेत कागद. मुलानं पुढच्या खोलीतून आत डोकावून बघितलं. नर्स खिडकीची रुंदी ओढणीनं मोजत होती, तिचे वडील पलंगावर बसून पाय लांब करत होते, आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग मागं वळला.

“साहेब, तुम्हाला फुकट चक्कर पडली,” तो दलालाला म्हणाला. “चहा घेऊन जा.”

दलालानं चहा घेतला. चांगला झालाय म्हणाला.

पुढचे सोपस्कार झाले. ताई कपड्यांची गाठोडी घेऊन गेली, त्यातली एक साडी शिलाईवालीकडं राहिली. माझं सामान फारसं नव्हतं. शेवटच्या सकाळी मुलानं ते गाडीत ठेवलं. स्वयंपाकघरात नर्सची भांडी लागत होती आणि म्हातारा आतून ओरडून तिला विचारत होता की माझा चष्मा कुठल्या खोक्यात आहे.

मी पायरी उतरलो. सवयीनं दार ओढायला मागं वळलो. आत माणसं होती. दार तसंच उघडं ठेवून निघालो.